दलित–कृष्णवर्णीय तुलनेतील हरवलेला कामगार : चाकण परिसराच्या संदर्भात एक फेरविचार

प्रास्ताविक

दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांचा तौलनिक विचार मराठी समीक्षेला नवा नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात या विचाराला चालना मिळाली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने या चर्चेला व्यासपीठ दिले, आणि १९७८ मध्ये डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने तिला अभ्यासाची बैठक मिळवून दिली. ‘निग्रो’ ही संज्ञा आज त्याज्य मानली जाते. परंतु त्या काळातील मराठी लेखनात ती आदरपूर्वकच वापरली गेली, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुढे ही तुलना अभ्यासक्रमात आली, प्रश्नपत्रिकेत आली आणि हळूहळू साचेबंद झाली. एकीकडे वर्ण, दुसरीकडे जात. दोहोंकडे वेदना, नकार आणि विद्रोह, असे समीकरण विद्यार्थ्यांना पाठ झाले. हे समीकरण चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या तुलनेतून श्रम, कारखाना आणि रोजगार ही एक संपूर्ण बाजू गळून पडली आहे. अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा हा मोठ्या प्रमाणावर कामाच्या ठिकाणचा लढा होता. महाराष्ट्रातील जातिअंताच्या विचारातही कामाचा प्रश्न आरंभापासून केंद्रस्थानी होता. मात्र दोहोंची तुलना करताना समीक्षेने कामगाराला बाजूला ठेवले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात अध्यापन करणाऱ्यांसाठी या उणिवेला विशेष अर्थ आहे. चेन्नईप्रमाणेच या पट्ट्यालाही ‘भारताचे डेट्रॉईट’ म्हटले जाते. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पूर-कनेरसर हे नामदेव ढसाळ यांचे जन्मगाव. ‘दलित पँथर’च्या संस्थापकाची जन्मभूमी आणि मोटारनिर्मितीची नगरी एकाच तालुक्यात असूनही या दोन गोष्टी आपल्या समीक्षेत एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत.

तुलनेचे तीन टप्पे

या तुलनेचा इतिहास पाहता तिचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात, आणि प्रत्येक टप्प्यावर अमेरिकेतील वेगळ्या घटकाशी नाते जोडलेले आढळते.

पहिला टप्पा महात्मा जोतीराव फुले यांचा. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्यागपूर्वक कार्य केले, त्यांना अर्पण केले. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली ती १८६५ मध्ये. म्हणजे ही घटना तेव्हा अवघी आठ वर्षांची होती. अर्पणपत्रिका गुलामांना नाही, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना आहे, ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. फुल्यांची तुलना येथील उच्चवर्णीयांच्या सदसद्विवेकाला उद्देशून आहे. त्यांनी जे केले ते तुम्ही का करत नाही, हा तिचा आशय होय. याच परंपरेतून पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले. सत्यशोधक विचार आणि कामगार चळवळ यांचा उगम महाराष्ट्रात असा एकमेकांजवळ आहे.

दुसरा टप्पा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांच्या वतीने तसेच काही करता येईल काय, याचा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीपूर्वक उत्तर पाठवले. येथे तुलना पीडितांच्या दोन प्रतिनिधींमध्ये होते आणि तिचा विषय हक्क हा आहे. हे पत्र लिहिणारा नेता १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होता, याचा उल्लेख मात्र या पत्राच्या चर्चेत क्वचितच होतो.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलनाही केली आहे. तिचा गाभा भावनिक नाही, आर्थिक आहे. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात, प्रसंगी त्याला कसब शिकवण्यातही मालकाचा फायदा असतो. अस्पृश्याच्या बाबतीत मात्र सवर्ण समाज त्याचे श्रम घेतो आणि त्याच्या पोटाची जबाबदारी घेत नाही, असा तो युक्तिवाद आहे. वेदनेच्या मोजमापाऐवजी श्रमाच्या व्यवहाराकडे पाहणारी ही तुलना आपल्या समीक्षेला पुढे नेता आली असती.

तिसरा टप्पा ‘दलित पँथर’चा. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ‘ब्लॅक पँथर’ पक्ष स्थापन केला. त्याच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली. १९७३च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतील त्या लढ्याशी उघडपणे नाते सांगितले होते. या टप्प्यावर तुलनेचा आशय लढाऊपणा हा आहे. जाहीरनाम्यात ‘दलित’ या संज्ञेची जी व्याख्या केली गेली, तीत अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध यांच्यासोबत कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांचाही समावेश होता. म्हणजे चळवळीच्या मूळ दस्तऐवजात कामगार होता. तो हरवला नंतर.

ऑकलंड दिसले, डेट्रॉईट राहिले

मराठी वाचकाला अमेरिकेतील जी स्थळे परिचित झाली ती प्रामुख्याने हार्लेम, मॉन्टगोमेरी आणि ऑकलंड. हार्लेम हे कवितेचे, मॉन्टगोमेरी हे बस-बहिष्काराचे आणि ऑकलंड हे पँथरचे. डेट्रॉईट आणि मेम्फिस ही शहरे मराठी तुलनेत जवळजवळ अनुपस्थित आहेत.

वस्तुतः विसाव्या शतकातील कृष्णवर्णीयांचा इतिहास हा स्थलांतराचा आणि कारखान्याचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धापासून १९७०पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेतील कापसाची शेते सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांत त्यांना काम मिळाले. परंतु ते बहुधा ओतशाळेतील, भट्टीजवळचे, उष्णतेचे आणि धोक्याचे काम असे. १९४१ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या कामगार नेत्याने वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतील वर्णभेदावर बंदी घालणारा आदेश काढावा लागला. आदेशाने वृत्ती बदलत नाही, हेही डेट्रॉईटनेच दाखवले. जून १९४३ मध्ये तेथील पॅकार्ड कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळताच सुमारे २५ हजार श्वेतवर्णीय कामगार काम बंद करून बाहेर पडले. कामगार म्हणून समान असलेले लोक एका यंत्राजवळ उभे राहण्यास तयार नव्हते.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या विराट मेळाव्यातील मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण आपल्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. त्या मोर्चाचे पूर्ण नाव मात्र ‘रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी मोर्चा’ असे होते आणि त्याच्या मागण्यांत रोजगारातील भेदभावाविरुद्धचा कायदा व ताशी दोन डॉलर किमान वेतन यांचा समावेश होता, हे फारसे सांगितले जात नाही. किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे झाली. ते तेथे गेले होते ते शहरातील कचरा उचलणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी. सफाईचे काम आणि जात यांचे नाते ज्या देशात शतकानुशतकांचे आहे, तेथील तुलनेत मेम्फिसचा संप दुर्लक्षित राहावा, हे आश्चर्यकारक आहे. त्याच वर्षी डेट्रॉईटजवळच्या एका मोटार कारखान्यातील कृष्णवर्णीय कामगारांनी स्वतःची वेगळी संघटना उभारली. तिचा संघर्ष दुहेरी होता : एका बाजूस कंपनी आणि दुसऱ्या बाजूस श्वेतवर्णीय नेतृत्वाखालील कामगार संघटना.

हा दुहेरी संघर्ष मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यापूर्वी, १९२८च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी, अस्पृश्यांना कापड विणण्याच्या खात्यात प्रवेश नाही, हा प्रश्न त्यांनी कामगार नेत्यांपुढे ठेवला होता. विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून स्पृश्य कामगारांना अस्पृश्य सहकारी नको असत. धोट्यातील सुताला विटाळ होतो, ही कल्पना वाफेवर चालणाऱ्या गिरणीतही टिकली. मुंबईच्या विणकाम खात्याचे दार आणि डेट्रॉईटच्या कारखान्यातील बढती यांची तुलना, वेदना आणि विद्रोह यांच्या सर्वसाधारण तुलनेपेक्षा कितीतरी नेमकी आहे.

ही तुलना का झाली नाही? याची दोन कारणे संभवतात. पहिले वैचारिक आहे. जाहीरनाम्यानंतर १९७४च्या सुमारास ‘दलित पँथर’मध्ये बुद्ध की मार्क्स या प्रश्नावर फूट पडली. तेव्हापासून श्रम आणि वर्ग यांविषयी बोलणे म्हणजे साम्यवाद्यांच्या गोटात जाणे, असा संशय एका बाजूस निर्माण झाला. तर जातीविषयी बोलणे म्हणजे कामगारांची एकजूट फोडणे, असा जुना आरोप दुसऱ्या बाजूस कायम राहिला. दुसरे कारण वाङ्मयीन वर्गीकरणाचे आहे. नारायण सुर्वे यांना ‘कामगार कवी’ आणि ढसाळांना ‘दलित कवी’ अशा दोन कप्प्यांत समीक्षेने बसवले. अण्णा भाऊ साठे यांनी १९५८च्या दलित साहित्य संमेलनात दलित आणि श्रमिक यांचा उच्चार एकत्रच केला होता. पण कप्पे पाडणाऱ्या समीक्षेला तो एकत्रित उच्चार सांभाळता आला नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे शीर्षकच मुळी गावकीच्या कामाच्या मोबदल्याचे नाव आहे. तरीही त्याची चर्चा प्रामुख्याने दुःखाचे कथन म्हणून झाली, श्रमाच्या हिशेबाचे कथन म्हणून अभावानेच झाली.

कारखाना आणि खोली : दोन कथनांचे वाचन

हरवलेली बाजू साहित्यात नव्हतीच, असे नाही. ती समीक्षेत नव्हती. हे दाखवण्यासाठी दोन कृतींचा एकत्र विचार उपयुक्त ठरेल : राल्फ एलिसन यांची ‘इन्व्हिजिबल मॅन’ (१९५२) ही कादंबरी आणि बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही, त्याच नावाच्या १९६३च्या संग्रहातील कथा.

एलिसनचा अनाम नायक दक्षिणेतील महाविद्यालयातून न्यूयॉर्कला येतो आणि एका रंगाच्या कारखान्यात त्याला काम मिळते. हा कारखाना अतिशुभ्र पांढऱ्या रंगासाठी प्रसिद्ध आहे. नायकाचे काम असे की, प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब टाकायचे आणि ते दिसेनासे होईपर्यंत ढवळायचे. त्या काळ्या थेंबांमुळेच पांढरा रंग अधिक शुभ्र होतो. कारखान्याच्या तळघरात एक वृद्ध कृष्णवर्णीय कामगार यंत्रे सांभाळतो. कंपनीचा रंग आपल्यावाचून तयार होत नाही, याचा त्याला अभिमान आहे आणि संघटनेचा द्वेष आहे. नायक चुकून संघटनेच्या बैठकीत जातो, तेव्हा तेथील कामगार त्याला मालकाचा हेर समजतात. परत येतो, तेव्हा वृद्ध त्याला संघटनेचा माणूस समजतो. शेवटी स्फोट होतो. वर्णाचे रूपक आणि कारखान्याचे वास्तव येथे परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. काळे श्रम पांढऱ्या मालात विरघळतात आणि अदृश्य होतात, हे विधान लेखक उत्पादनप्रक्रियेच्या तपशिलातूनच करतो.

बागुलांचा निवेदकही अनाम आहे, सुशिक्षित आहे आणि नव्या भारताविषयी उत्साही आहे. रेल्वेतील नोकरीच्या निमित्ताने तो गुजरातमधील एका गावी येतो. नोकरी मिळाली, पण राहायला खोली हवी. आणि खोलीच्या प्रश्नाबरोबर जातीचा प्रश्न येतो. तो जात सांगत नाही. त्याच्याच जातीचा काशीनाथ मात्र जात लपवत नाही, अपमान सहन करत नाही आणि म्हणून सतत संघर्षात असतो. निवेदकाची जात उघड होते तेव्हा त्याला मारहाण होते आणि काशीनाथ त्याच्या मदतीला धावतो. मार खाल्ल्यानंतरही निवेदक मारणाऱ्या माणसांना दोषी न ठरवता त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मनूच्या परंपरेकडे बोट दाखवतो.

ही कथा आजवर अस्मितेची आणि अपमानाची कथा म्हणून वाचली गेली, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या रचनेकडे पाहता एक गोष्ट लक्षात येते. नोकरीने निवेदकाला जे दिले ते खोलीने काढून घेतले. राज्यघटनेने रेल्वेचे दार उघडले. घरमालकाच्या दारापर्यंत राज्यघटना पोहोचली नाही. कामाची जागा आणि राहण्याची जागा यांमध्ये जे अंतर आहे, त्यात ही कथा घडते. काशीनाथ आणि निवेदक हे दोन स्वभाव नसून एकाच परिस्थितीत जगण्याच्या दोन रीती आहेत : एक उघडपणे लढण्याची आणि दुसरी लपून टिकण्याची. एलिसनच्या कारखान्यातील वृद्ध कामगार आणि तरुण नायक यांच्यातील तणाव असाच आहे. व्यवस्थेने दोघांनाही एकमेकांसमोर उभे केले आहे. फरक इतकाच की, बागुलांचा काशीनाथ अखेरीस धावून येतो. एलिसनच्या तळघरात कोणीच कोणाच्या मदतीला येत नाही. बागुलांची कथा अधिक क्रूर असूनही तिच्यात सामूहिकतेची शक्यता शिल्लक आहे, असे म्हणता येईल.

कृष्णवर्णीय साहित्यात गोऱ्या समाजात ‘गोरा’ म्हणून वावरणाऱ्या व्यक्तींच्या कथनांची मोठी परंपरा आहे. नेला लार्सन यांची ‘पासिंग’ (१९२९) ही कादंबरी हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. मात्र तेथे ही सोय केवळ उजळ कातडीच्या थोड्या व्यक्तींनाच उपलब्ध असते. जात कातडीवर दिसत नसल्याने ती चोरण्याची शक्यता सर्वांना असते; आणि म्हणूनच ती शोधून काढण्याची यंत्रणाही समाजात सर्वत्र असते. आडनाव विचारले जाते. महाराष्ट्रात जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे अनेक जातींत असल्याने तेवढ्याने भागत नाही. मग गाव विचारले जाते, नंतर पाहुणे कुठले, हे विचारले जाते. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात चौकशीतून बाहेर काढली जाते. बागुलांच्या शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद ही सारी चौकशी गृहीत धरते. ज्याच्यावर अन्याय झाला तोच चोर ठरतो, हा त्यातील उपरोध आहे.

तुलनेच्या मर्यादा

श्रमाच्या अंगाने तुलना पुढे नेताना काही भेद विसरता येत नाहीत. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना आफ्रिकेतून बळाने आणले गेले. दलित याच भूमीचे आहेत. तेथील चळवळीला चर्चचा आधार होता; येथे बाबासाहेबांनी धर्मच बदलला. पिंपरी-चिंचवडलगतच्या देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली, ती १९५६च्या नागपूर येथील धर्मांतराच्या आधी. मुक्तीची ही वाट कृष्णवर्णीयांच्या मुख्य वाटेपेक्षा वेगळी होती.

कायद्याच्या बाबतीतील भेद सर्वाधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने खासगी कंपन्यांनाही नोकरीत वर्णभेद करण्यास मनाई केली आणि १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, वरकरणी तटस्थ दिसणारी पण कामाशी संबंध नसलेली व कृष्णवर्णीयांना वगळणारी चाचणीही बेकायदेशीर ठरवली. भारतीय राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि शासकीय सेवेत राखीव जागा दिल्या, हे अमेरिकेच्या पुढचे पाऊल होते. परंतु खासगी क्षेत्रातील नोकरभरती या राखीव जागांच्या कक्षेबाहेर राहिली. एका देशाने खासगी कारखान्याच्या दारातून कायदा आत नेला, तर दुसऱ्याने शासकीय कार्यालयाचे दार अधिक रुंद केले.

या भेदाचे परिणाम तपासणारे दोन अभ्यास येथे नोंदवावेसे वाटतात. २००४ मध्ये बर्ट्रंड आणि मुल्लाइनाथन यांनी अमेरिकेतील बोस्टन व शिकागो येथे काल्पनिक अर्ज पाठवून असे दाखवले की, गोऱ्या वाटणाऱ्या नावाला सुमारे १० अर्जांमागे एक बोलावणे येते, तर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला सुमारे १५ अर्जांमागे एक. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अट्टवेल यांनी भारतातील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवून केलेल्या अभ्यासात, दलित आडनावाच्या अर्जाला पुढील टप्पा गाठण्याची संधी उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी असल्याचे आढळले. कायदा असलेल्या देशातही नाव अडते. ज्या क्षेत्रात कायद्याचा हात अपुरा आहे तेथे ते अडणे कोणाच्या नोंदीतही येत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण : वाचनाची जागा

या पार्श्वभूमीवर आपल्या परिसराचा इतिहास पाहता येईल. पिंपरीतील औद्योगिकीकरणाचा आरंभ १९५४च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक उद्योगापासून मानला जातो. देहूरोड, खडकी येथील संरक्षण खात्याचे कारखानेही शासकीय होते. सार्वजनिक क्षेत्रात राखीव जागांमुळे दलित कुटुंबांतील एका पिढीला कायम नोकरीची वाट खुली झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर खासगी कारखानदारी वाढली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. आणि १९९०च्या दशकापासून उद्योगाचा गुरुत्वमध्य चाकणकडे सरकू लागला. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव मोटारनिर्मितीचे केंद्र बनले. या प्रवासात उद्योगाची मालकी बदलली आणि नोकरीचे स्वरूपही बदलले : सार्वजनिक ते खासगी, कायम ते कंत्राटी. ज्या घटनात्मक तरतुदींनी पहिल्या पिढीला दार उघडले, त्या दुसऱ्या पिढीच्या कारखान्यावर लागू होत नाहीत.

जमिनीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. औद्योगिक संपादनात मोबदला मिळतो तो जमीनधारकाला. जो त्या जमिनीवर मजुरी करत होता पण जिचा सातबारा त्याच्या नावावर नव्हता, त्याच्या हाती मजुरीही राहिली नाही आणि मोबदलाही आला नाही. अमेरिकेत १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांना जमीन देण्याचा जो अल्पजीवी प्रयत्न झाला, तो त्याच वर्षी मागे घेतला गेला आणि कृष्णवर्णीय शेतमजूरच राहिले. पुढील स्थलांतराचे मूळ तेथे आहे. जमिनीशिवाय मिळालेली मुक्ती माणसाला कारखान्याच्या फाटकापर्यंत आणून सोडते, हा धडा दोन्ही देशांत सारखा आहे.

ढसाळांच्या कवितेचे वाचनही या संदर्भात बदलते. लहानपणी खेड तालुक्यातील गाव सोडून ते मुंबईला आले. ‘गोलपिठा’ (१९७२) हा संग्रह त्या महानगराच्या तळाशी असलेल्या जगातून जन्मला. आपण तो वेश्यावस्तीचा आणि अधोलोकाचा काव्यग्रंथ म्हणून शिकवतो. परंतु तो स्थलांतरिताचा ग्रंथही आहे. ज्याला गावाने जमीन दिली नाही आणि शहराने स्थिर काम दिले नाही, अशा माणसाचे ते शहरदर्शन आहे. आज स्थलांतराचा प्रवाह उलटला आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून हजारो तरुण त्याच खेड तालुक्यात कामासाठी येतात आणि कारखान्याच्या पाळीनंतर खोलीसाठी फिरतात. बागुलांच्या कथेतील पहिला प्रश्न त्यांनाही ऐकावा लागू शकतो. या नव्या वास्तवाचे ‘गोलपिठा’ अद्याप लिहिले गेले आहे, असे म्हणता येत नाही. अरुण काळे यांनी ‘नंतर आलेले लोक’मधून जागतिकीकरणाच्या काळातील दलित जाणीव शब्दांत पकडली, मात्र कंत्राटी कामगाराच्या अनुभवाचे सविस्तर कथन मराठी साहित्यात विरळच आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दलित–कृष्णवर्णीय तुलनेत श्रमाचा विचार बाहेरून आणण्याची गरज नाही. तो बाबासाहेबांच्या १९२८ आणि १९३८च्या भूमिकांत, ‘दलित पँथर’च्या जाहीरनाम्यात आणि बागुलांच्या कथेत आधीपासून आहे. दुसरी, हा विचार समीक्षेतून सुटला त्याला चळवळीतील फूट आणि वाङ्मयीन कप्पे ही ऐतिहासिक कारणे आहेत, आणि ती कारणे आज बंधनकारक नाहीत. तिसरी, कृष्णवर्णीयांच्या इतिहासातून केवळ कवितेचा संताप घेतला आणि रोजगाराच्या हक्काची मागणी सोडून दिली, तर आपण त्या इतिहासाचा अर्धाच भाग वाचला, असे होते.

आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पदवी घेताच, कित्येक तर पदवी घेत असतानाच, या पट्ट्यातील कारखान्यांत जातात. त्यांच्यापुढे किंग यांचे स्वप्न मांडताना मेम्फिसचा संपही मांडला पाहिजे. ऑकलंडबरोबर डेट्रॉईटही शिकवले पाहिजे. आणि ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा शिकवताना तिच्यातील मारहाणीइतकेच नोकरी आणि खोली यांमधील अंतराकडेही लक्ष वेधले पाहिजे. साठ वर्षांपूर्वीची ही कथा जुन्या काळाचा दस्तऐवज म्हणून वाचायची की आपल्याच परिसराचे वर्णन म्हणून, हे ठरवण्याचा अधिकार विद्यार्थ्यांचा आहे. त्यांना तो वापरता यावा इतपत ही तुलना रुंद करणे, हे मात्र अध्यापकाचे काम आहे.